हादरा ग्रुपवर, नोंद कुठे?

मंठेकरांनो, १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोलीत ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. आपल्या ग्रुपवर "जाणवलं का?" चे मेसेज धडाधड पडले. दुपारपर्यंत सगळे विसरले.

यंत्र भूकंपाची ताकद मोजतं. पण मंठ्यात नुसती भांडी वाजली की भिंतीला तडा गेला, हे इथला माणूसच सांगणार. त्यासाठी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची ऑनलाइन प्रश्नावली आहे. ती भरा. "काहीच जाणवलं नाही" हे उत्तरही कामाचं असतं.

आता प्रशासनाला सवाल. ज्याचं घर मातीचं, त्याच्या हातात स्मार्टफोन असेलच असं नाही. मग सर्वात जास्त धोका ज्याला, त्याचीच नोंद गायब! किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ ला हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हे मराठवाड्याला सांगायला लागतं का?

"घाबरू नका" म्हणून हात झटकू नका. मराठीत दहा सोपे प्रश्न काढा. हादरा बसला की तलाठी, ग्रामसेवकांनी त्याच दिवशी वाडी-तांड्यावर जाऊन उत्तरं लिहून घ्यावीत, ऑनलाइन भरावीत.

तोवर, ज्याच्याकडे फोन आहे त्याने शेजारच्या आजीलाही विचारून तिची नोंद करा.