दुधाळ पाण्याचा हिशेब

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून चाकणच्या मोटार कारखान्यांपर्यंत पिंपरी-चिंचवड परिसराने केलेली औद्योगिक वाटचाल महाराष्ट्राला भूषणावह आहे, यात शंका नाही. तथापि या वैभवाचा एक खर्च कोणाच्याही जमाखर्चात दिसत नाही. तो आहे वापरून निकामी झालेल्या कूलंटचा.

धातू कापताना हत्याराची धार उष्णतेने बोथट होते. कापण्याच्या जागी पाण्याचा मोठा झोत सोडल्यास पोलाद सुमारे ४० टक्के अधिक वेगाने कापता येते, हे फ्रेडरिक टेलर यांनी १९०६ साली अमेरिकन अभियंत्यांपुढे मांडले. आज त्या पाण्यात तेल, साबणासारखी द्रव्ये, गंजरोधके आणि जंतुनाशके मिसळतात. म्हणून ते दुधासारखे दिसते. कालांतराने त्यात यंत्राचे गळके तेल व धातूचा कीस साचतो, जंतू वाढतात. गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी यंत्र सुरू करणाऱ्या कामगाराला ती कुजकी दुर्गंधी चांगली परिचित आहे. खनिज तेलांमुळे होणाऱ्या त्वचारोगाची नोंद १९४८ च्या कारखाने कायद्यातील रोगांच्या सूचीत होती; पण चार माणसांच्या गाळ्यापर्यंत तो कायदा पोचलाच नाही.

असे पाणी गटारात सोडले, तर ते पवनेला अथवा इंद्रायणीला मिळणार हे उघड आहे. आळंदीच्या घाटावर दिसणाऱ्या फेसाचे सारे पाप कूलंटच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही; घरगुती सांडपाण्याचा त्यातील वाटा मोठा आहे. परंतु तेवढ्याने कारखानदारी दोषमुक्त होत नाही.

नियमांची वाण नाही. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी वापरलेले तेल व तैलयुक्त अवशेष सूचीत घातले असून साठवणुकीस सामान्यतः ९० दिवसांची मर्यादा घातली आहे. विल्हेवाटीचे सामाईक केंद्र रांजणगावला आहे. मोठ्या कारखान्याला हे सारे परवडते. भोसरी किंवा तळवडे येथील दोन यंत्रांच्या गाळेवाल्याने मात्र दोन-तीन पिंपे रांजणगावला कशी धाडावीत? मोठा कारखाना त्याला सुटा भाग करावयास देतो, तेव्हा कामाबरोबर घाणही त्याच्या दारी जाते. तिच्या निचऱ्याचा खर्च मात्र कामाच्या दरात धरला जात नाही. पैशा-पैशाने घासून ठरविलेल्या दरात कायदा पाळण्यास जागा उरत नाही, हे या रोगाचे मूळ आहे.

तेव्हा केवळ लहान उद्योजकावर बडगा उगारून काही साधणार नाही. औद्योगिक महामंडळाने व महापालिकेने प्रत्येक वसाहतीत ठरलेल्या दिवशी निकामी कूलंट गोळा करणारी टाकीगाडी फिरवावी, आणि तिचा खर्च काम देणाऱ्या कारखान्यांकडून कामाच्या प्रमाणात वसूल करावा. गाळेवाल्यानेही तरंगते तेल रोज काढणे, मिश्रणाचे प्रमाण तपासणे, कामगारांना हातमोजे देणे एवढी शिस्त पाळावी. त्याने कूलंट अधिक दिवस टिकते, म्हणजे त्याचाच पैसा वाचतो.

सुट्या भागाची मापे मिलिमीटरच्या शतांशापर्यंत तपासून घेणाऱ्या कारखानदारीला, तो भाग घडविताना वाया गेलेले पाणी कोठे गेले, हे विचारणे अवघड नाही. तसे विचारण्याची सक्ती आता झाली पाहिजे.