एरर आलाच नाही... हाच एरर!

महिनाअखेर. संध्याकाळचे साडेसात. एसी बंद झालेला, कॅन्टीनचा शेवटचा चहा गार झालेला. तुम्ही एक्सेलमधलं ते जादूचं बटण दाबता. मॅक्रो सुसाट धावतो, सगळ्यांच्या शीट्समधले आकडे गोळा करतो आणि समरी तयार! एकही एरर नाही. तुम्ही बॅग उचलता आणि लिफ्टकडे पळता. लाइफ असावं तर असं, नाही का?

मीही एकदा असाच पळालो होतो. इन्सेंटिव्हची यादी बनवायचं काम माझ्याकडे नवीनच आलं होतं. आधीचा गडी नोकरी सोडून गेला आणि जाताना त्याचा मॅक्रो मला वारसाहक्कानं देऊन गेला. “बटण दाब, बाकी काही बघू नकोस,” एवढंच ट्रेनिंग.

पैसे जमा झाले त्या दिवशी शेजारच्या क्युबिकलमधली मैत्रीण माझ्या डेस्कपाशी येऊन उभी राहिली.

“अरे, माझा आणि त्याचा आकडा सेम टू सेम कसा?”

‘तो’ म्हणजे यादीत तिच्या बरोबर वर असलेला.

“योगायोग असेल गं,” मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं.

“योगायोग रुपयांपर्यंत असतो रे. पैशांपर्यंत नसतो.”

बोला आता! त्या महिन्यात तिनं कंबर कसून काम केलं होतं. त्या इन्सेंटिव्हवर धाकट्या भावाच्या फीचा हप्ता अवलंबून होता. आणि तिच्या खात्यात भलत्याच माणसाचा, तिच्यापेक्षा बराच कमी आकडा जमा झालेला.

मग पहिल्यांदाच मी मॅक्रोचं पोट उघडून पाहिलं. अगदी वरच्या ओळीत साहेब बसले होते: ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’. मराठीत सांगायचं तर, ‘काहीही बिघडलं तरी बोंब मारू नकोस, पुढच्या ओळीवर जा.’

झालं होतं असं. तिच्या शीटच्या नावाच्या शेवटी कुणाच्या तरी हातून एक स्पेस जास्त पडली होती. डोळ्यांना दिसत नाही, पण मॅक्रोला ते नाव सापडेना. एरवी त्यानं तिथंच ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’, म्हणजे एरर क्रमांक 9, दाखवून काम थांबवलं असतं. पण वरून तोंड बंद ठेवायची ऑर्डर! त्यामुळे मॅक्रोच्या हातात आधीच्या माणसाची शीट तशीच राहिली आणि त्याचाच आकडा तिच्या नावापुढे छापला गेला. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा आमचा मॅक्रो डोळे मिटून पगार वाटत होता.

मंडळी, एरर बंद करणं म्हणजे चूक बंद करणं नव्हे. आणि एक्सेलमध्ये चुका गप्प करणारं हे एकच बटण नाही. तीन तरी ओळखून ठेवा.

पहिलं, वरचं रिझ्युम नेक्स्ट. ते वाईट नाही, पण मिठासारखं वापरा. जिथं शीट सापडेल की नाही अशी शंका आहे, तेवढ्याच ओळीपुरतं लावा. लगेच खाली ‘ऑन एरर गो टू झिरो’ लिहून नेहमीची शिस्त परत आणा. आणि प्रत्येक फेरीआधी शीटचा व्हेरिएबल ‘नथिंग’ करून रिकामा करा. शोधल्यावरही तो रिकामाच राहिला, तर ते नाव वेगळ्या यादीत टाका. आमच्याकडे एवढ्या तीन ओळी असत्या, तर पैसे जाण्याआधीच चूक कळली असती.

दुसरं, ‘डिस्प्ले अलर्ट्स’. हे फॉल्स केलं की ‘फाइल ओव्हरराइट करू का?’सारखे प्रश्न येणं बंद. मॅक्रो संपला की एक्सेल ते स्वतःहून पुन्हा चालू करतं. पण मधल्या वेळात मॅक्रोनं त्याच नावानं फाइल सेव्ह केली, तर उत्तर परस्पर ‘हो’ असं धरलं जातं. कालची फाइल गेली, टाटा बाय बाय!

तिसरं सगळ्यात छुपं. सेलच्या कोपऱ्यातला तो हिरवा त्रिकोण. आकडा टेक्स्ट म्हणून भरलाय, फॉर्म्युला शेजारच्यांपेक्षा वेगळा आहे, बेरजेतून बाजूचे सेल सुटलेत, असं तो सांगत असतो. ‘एरर चेकिंग ऑप्शन्स’मधून कोडनं हे त्रिकोण घालवता येतात. बॉसला शीट स्वच्छ दिसावी म्हणून अनेक जण ‘बॅकग्राउंड चेकिंग’च फॉल्स करतात. पण ही सेटिंग फाइलची नाही, त्या माणसाच्या एक्सेलची आहे. तुमचा मॅक्रो चालला की त्या बिचाऱ्याच्या बाकीच्या फाइलींमधलेही त्रिकोण गायब, आणि मॅक्रो संपल्यावर ते आपोआप परत येत नाहीत. म्हणून आधीची सेटिंग व्हेरिएबलमध्ये जपून ठेवा, आपलं काम करा आणि निघताना होती तशी लावून द्या. मध्येच एरर आला तरी मॅक्रो त्या शेवटच्या आवराआवरीपाशी पोचेल, अशी सोय करा. दुसऱ्याच्या घरातला पंखा आपण बंद केला, तर जाताना आपणच चालू करतो ना? तसंच.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांच्याच बाबतीत घडतं असं समजू नका. 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे आकडे गोळा करताना एक्सेलचा जुना फाइल प्रकार वापरला गेला. त्यात एका शीटमध्ये 65,536 ओळीच मावतात. वरच्या ओळी गळून पडल्या आणि 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबरमधले 15,841 पॉझिटिव्ह रुग्ण रोजच्या आकड्यांत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही उशीर झाला. गप्प राहिलेल्या शीटची किंमत ही अशी असते.

आमच्याकडे फरकाची रक्कम पुढच्या महिन्यात मिळाली. तोवर तिनं मावशीकडून उसने पैसे घेऊन फी भरली. मी सॉरी म्हटलं, कॉफी पाजली. ती म्हणाली, “कॉफी ठीक आहे, पण मॅक्रो बघ.”

तेव्हा तुम्हीही बघाच. व्हीबीए एडिटरमध्ये टूल्स, मग ऑप्शन्स, मग जनरल. तिथं ‘ब्रेक ऑन ऑल एरर्स’ निवडा आणि तुमचा वारसाहक्काचा मॅक्रो फाइलच्या कॉपीवर एकदा चालवा. रिझ्युम नेक्स्ट असलं तरी तो आता प्रत्येक चुकीपाशी थांबेल. काम झालं की सेटिंग पुन्हा ‘ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्स’वर आणायला विसरू नका.

मी चालवला, तेव्हा तो सात ठिकाणी थांबला होता. तुमचा किती ठिकाणी थांबतोय?