विहारातले युकेलेले आणि पोलादी तार

मागच्या वर्षी मुलांच्या गाण्यासाठी आम्ही वर्गणीतून एक युकेलेले घेतले. तार तुटली तेव्हा दुकानदाराने गिटारची पोलादी तार दिली. तुणतुण्याला पोलादीच असते, मग बिघडते कुठे, म्हणून आम्हीही ती चढवली. चार दिवसांत तारा अडकवायची पट्टी पोटावरून उखडली. पैसा वर्गणीचा होता. हिशेब वाचताना आमची मान खाली गेली.

बंधू-भगिनींनो, १८७९ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेले. त्यांच्या छोट्या वाद्यातून हे घडले. म्हणजे कष्टकऱ्यांचेच. पण लाकूड पातळ, पोलादाचा ताण त्याला सोसत नाही. नायलॉनच्या तारा घ्याव्यात. आवाज मऊ, लेकरांच्या बोटांनाही बऱ्या. फ्लोरोकार्बनच्या थोड्या बारीक आणि खणखणीत. मासे धरायच्या गळाची दोरीही या धाग्याची असते, हे कोळीवाड्यातल्या मंडळींना सांगायला नको.

पाकिटावरचा आकार वाचूनच पैसे द्या. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तार मोजावी: सुमारे १३ इंच भरली तर सोप्रानो, १५ कॉन्सर्ट, १७ टेनर. चौथी तार बारीक निघाली म्हणून दुकानात भांडू नये; नेहमीच्या जुळणीत ती वरच्याच सुराची असते. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, सूर उतरतो. परत परत जुळवावे.

आमची पट्टी वस्तीतल्या सुतारदादांनी चिकटवून दिली, मजुरी घेतली नाही. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मुली वाजवणार आहेत.