टायटल बदललं की झालं संशोधन?

सबमिशनच्या आठवड्यात मस्तगडच्या आसपास एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघा. हमखास कानावर पडेल :

"भाऊ, मागच्या वर्षीचं फील्ड प्रोजेक्ट आहे का?"

"कोणत्या विषयाचं?"

"कोणतंही चालतंय. टायटल बदलतो फक्त."

"अन् सरांनी विचारलं तर?"

"सर काय वाचायलेत का!"

हसू आलं ना? मलाही यायचं. कारण आपण सगळ्यांनीच हे कधी ना कधी केलंय. पण नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणलं. त्याला क्रेडिट आहेत, मार्क आहेत. चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करायची सोय आली. म्हणजे शोध घेण्याची संधी पहिल्यांदाच बीए-बीकॉमवाल्यापर्यंतही पोचली आणि ती आपण पन्नास रुपयांच्या स्पायरल बायंडिंगमध्ये गुंडाळून टाकतोय.

यामागे एक समजूत आहे. संशोधन म्हणजे काहीतरी लांबचं. अमेरिकेतलं विद्यापीठ, पांढरा कोट, महागडी मशीन. आपण काय, जालन्याचे! आपल्याकडे स्टील आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे. संशोधन कुठून असणार?

तर मग आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोराची गोष्ट ऐका.

भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथले. नागपूरच्या सरकारी मेडिकलमधून एमबीबीएस झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान लेकरं दगावायची. गंभीर झालेल्या शंभर रुग्णांपैकी तीस ते चाळीस जायचे. लोक मांत्रिकाकडे धावायचे आणि डॉक्टरकडे तरी नेमका इलाज कुठं होता?

बावस्करांकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे वही होती. रुग्णाच्या उशाशी बसून ते लिहीत गेले. घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, दम कधी लागला. नोंदी साठल्या तसं चित्र दिसायला लागलं. विंचवाच्या विषानं शरीरात जणू वादळ उठतं. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग प्रश्न पडला, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं तर? असं औषध होतंच. प्राझोसिन, रक्तदाबाची साधी गोळी.

१९८२ साली त्यांची निरीक्षणं 'द लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि १९८६ साली प्राझोसिनवरचं कामही तिथंच आलं. पुढं मृत्यूचं प्रमाण शंभरात एखाद्यापर्यंत खाली आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच. औषध सापडलं, नाव झालं, तरी हा माणूस तिथं थांबला नाही. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिली तर आणखी फायदा होईल का, हे त्यांनी पुन्हा तपासलं. ७० रुग्ण घेतले, त्यांचे दोन गट केले. एकाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिलस. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर. पहिल्या गटाला बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दुसऱ्याला ८ तास. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. म्हणजे आपल्याच यशाला त्यांनी परीक्षेला बसवलं. संशोधन म्हणतात ते याला.

आता आपण काय करतो बघा. गुगल फॉर्म बनवतो, आपल्याच ग्रुपवर टाकतो, पन्नास दोस्त डोळे झाकून टिक करतात आणि आपण निष्कर्ष लिहितो, "आजची तरुणाई मोबाइलच्या आहारी गेली आहे." अरे भावा, ही आजची तरुणाई नाही, हा तुझा व्हॉट्सॲप ग्रुप आहे!

ही गंमत फक्त आपलीच नाही, मोठमोठ्या विद्यापीठांतही होते. २०१५ साली जगभरातल्या शास्त्रज्ञांनी मानसशास्त्रातले १०० छापून आलेले प्रयोग पुन्हा करून बघितले. मूळ निकालाला दुजोरा मिळाला तो चाळीसहून कमी प्रयोगांत. म्हणून रीलमध्ये कुणी "संशोधन सांगतं की..." म्हणालं की चार प्रश्न विचारायचे. किती जणांवर केलं? कोणावर केलं? कशाशी तुलना केली? दुसऱ्या कुणी करून बघितलं का? हे प्रश्न पुस्तक वाचून अंगात मुरत नाहीत. एकदा तरी स्वतः मोजमाप करून फसावं लागतं. माझ्या मते फील्ड प्रोजेक्टचा खरा फायदा मार्कांत नाही, या फसण्यात आहे.

आणि आपली माणसं आपण मोजली नाहीत तर दुसऱ्यांची मापं आपल्याला लावली जातात. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. बघणारा म्हणेल, आपली बाळं बारीक. पण मापं घेतली तेव्हा कळलं, कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायूंचं वजन. चरबी तुलनेनं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी! आपल्याकडे किरकोळ अंगाच्या माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथं सापडला. खेड्यात वजनकाटा आणि टेप घेऊन कुणी गेलंच नसतं तर?

आता तुम्ही म्हणाल, "बोलायला काय जातं! लॅबमध्ये साहित्य नाही, गाइडला वेळ नाही." खरंय. आणि ते मागायलाच पाहिजे, भांडून मागायला पाहिजे. बावस्करांना वहीवर भागवावं लागलं म्हणून आपल्यालाही वहीच पुरे, असं मी म्हणणार नाही. प्राध्यापकांनाही एक सांगणं आहे. सर, मॅडम, प्रोजेक्ट वाचा. कुणी वाचणार आहे एवढं कळलं तरी निम्मी कॉपी थांबेल.

पण तोवर वहीवर होण्यासारखंही पुष्कळ आहे. तुमच्या गल्लीत नळ किती दिवसांनी आला, तीन महिने तारीखवार लिहा. होस्टेलच्या साठ जणांची झोप आणि मोबाइलचा वेळ मोजा, पण फक्त तुमच्या रूममेटची नको. रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्या काकांना विचारा, उन्हाळ्यात भट्टीजवळच्या पाळीत पाणी किती वेळा पिता येतं. ज्यांना विचाराल त्यांची परवानगी घ्या, नाव फोडू नका. आणि उत्तर तुमच्या अंदाजाच्या उलट आलं तर तेच लिहा. ते जास्त मोलाचं असतं.

मस्तगड १७२५ साली बांधला, हे आपण छातीठोक सांगतो. कशाच्या जोरावर? कुणीतरी फारसीत दगडावर ते कोरून ठेवलं म्हणून. तीनशे वर्षांपूर्वीची एक नोंद आजही उपयोगी पडते. आणि आपल्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात पाणी किती दिवस आलं नाही, हे विचारलं तर घरातली चार माणसं चार उत्तरं देतात.

"जालना सोने का पालना" म्हणून आपण कॉलर ताठ करतो. खुशाल करू या. पण या पाळण्यातल्या माणसांचं पाणी, झोप, ताप, घाम कोण मोजणार? बाहेरून कुणी येईल याची वाट बघायची?

तर या वेळी सबमिशनच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात जा जरूर. फक्त जुनं प्रोजेक्ट मागू नका.

एक कोरी वही मागा.