चारही चाके फिरतील. गाडी थांबणार कशी?

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिशिगन, मिनेसोटासारख्या बर्फाळ राज्यांत पिकअप ट्रक हे घरचे वाहन असते. आठवडाभर त्यातून कामावर जायचे आणि शनिवारी त्याच्याच हौद्यात लाकडे नाही तर खताची पोती भरायची. अशा जुन्या पिकअपला ‘ऑटो फोर-व्हील ड्राइव्ह’ बसवून घेण्याची हौस तिकडे बरीच आहे. १९९९ नंतरच्या शेव्हरोले सिल्व्हरॅडोच्या पिढीत तर हे विशेष चालते. एकाच सांगाड्याच्या काही गाड्या कारखान्यातून ‘ऑटो’ बटणासह निघाल्या, काही त्याशिवाय. भंगारात गेलेल्या पहिल्या प्रकारच्या गाडीतील भाग काढून दुसऱ्या प्रकारच्या गाडीत बसवले जातात.

ही हौस निरर्थक नाही. चालकाने स्वतः बटण दाबून किंवा दांडा ओढून घालायच्या साध्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्समागची ‘ट्रान्सफर केस’ ही पेटी पुढचा आणि मागचा ॲक्सल घट्ट जोडते. दोन्हींना सारखाच वेग मिळतो. वळणावर मात्र पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना जास्त फिरावे लागते. निसरड्या रस्त्यावर टायर किंचित घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर तशी मुभा नसते. सगळी यंत्रणा आवळली जाते, स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळत वळते आणि आतले भाग झिजतात. शिवाय हिवाळ्यातला रस्ता सलग बर्फाचा क्वचितच असतो. मीठ टाकून मोकळा केलेला पट्टा, मग पुलावर काचेसारखा थर, मग पुन्हा डांबर. दर दोन मिनिटांनी बटण दाबत कोण बसणार?

‘ऑटो’ प्रकारात घट्ट जोडणीच्या जागी क्लचच्या चकत्या असतात. पुढच्या आणि मागच्या शाफ्टचा वेग संवेदक मोजत राहतात. मागची चाके जागच्या जागी भिरभिरू लागली की छोटी मोटर चकत्या दाबते आणि पुढच्या चाकांकडे ताकद जाते. घसरण थांबली की दाब सैल होतो. नुसते नवे बटण आणून हे साधत नाही. चकत्या असलेली पेटी आणि तिला हुकूम देणारे नियंत्रक, दोन्ही लागतात. तेलही या चकत्यांसाठी बनवलेलेच लागते. हजारो रुपयांचे काम करून शेवटी हाताशी असेल ते तेल ओतणारे महाभाग अमेरिकेतही कमी नसावेत.

बर्फाळ चढावर राहणाऱ्या आणि पहाटे चारला रुग्णालयात पोहोचायचेच असलेल्या परिचारिकेला ही सोय खरोखर उपयोगी आहे. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसते, त्यामुळे नुसत्या मागच्या चाकांवर ती गाडी चढावर हलत नाही. प्रश्न गाडी हलल्यानंतरचा आहे.

फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चार चाकांत वाटते. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना आधीपासून असतात. थांबताना या यंत्रणेची मदत जवळजवळ शून्य. तिथे हिशेब टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर (घर्षणांक ०.७ धरल्यास) साधारण २० मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर (०.२) तिला ७० मीटर लागतात आणि गुळगुळीत थरावर (०.१) सुमारे १४० मीटर. या गणितात गाडीचे वजनही येत नाही, किती चाकांना ताकद मिळते हेही येत नाही. वळणावर गाडीला धरून ठेवते तेही हेच घर्षण.

त्याहून काळजीची बाब वेगळीच आहे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी सिग्नलवरून निघताना जरा घसरते, चालक दचकतो, पाय सैल करतो. रस्ता निसरडा आहे हा निरोप त्याला शरीरातून मिळालेला असतो. ‘ऑटो’ यंत्रणा ती घसरण त्याला जाणवण्याआधीच जिरवून टाकते. दुखऱ्या गुडघ्यावर वेदनाशामक घेऊन जिने चढण्यासारखे हे आहे. वेदना थांबते, गुडघा तसाच असतो.

सुरक्षिततेची भावना वाढली की माणूस जोखीमही वाढवतो, हे वाहन-मानसशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात काही टॅक्सींना एबीएस ब्रेक होते, काहींना नव्हते. एबीएसवाल्यांचे अपघात लक्षणीय कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. ते चालक वळणे अधिक वेगाने घेत होते, पुढच्या गाडीच्या अधिक जवळून जात होते. एबीएस वाईट आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. मिळालेला फायदा चालकांनी वेगात खर्च केला, इतकेच. निदान एबीएस थांबायला मदत करते; ऑटो फोर-व्हील ड्राइव्ह तेवढेही करत नाही.

म्हणून जुन्या पिकअपवर खर्च करायचाच असेल, तर पहिला खर्च टायरांवर हवा. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते, आणि ते निघताना, वळताना, थांबताना तिन्ही वेळा कामी येते. कॅनडातील क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून सूट नाही. अमेरिकेतील कोलोरॅडोचा नियम फोर-व्हील ड्राइव्हला मान्यता देतो, पण टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल असावी लागते. दोहोंत क्युबेकचा नियम भौतिकशास्त्राला अधिक धरून आहे. मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती नीट बांधून ठेवण्याचा जुना उपायही चढावर पुरेसा उपयोगी पडतो. आणि गाडीच बदलायची असेल, तर घसरत्या वळणावर एकेका चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा असलेली घ्यावी. अमेरिकेत ती २०१२ च्या मॉडेलांपासून सर्व हलक्या वाहनांना सक्तीची आहे. लोक ज्यात ‘ऑटो’ बसवू पाहतात त्या जुन्या पिकअपपैकी बहुतेकींत ती नाही.

आपल्याकडे हिवाळ्यात मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांना ‘फोर बाय फोर है’ असे सांगून गाडी दिली जाते आणि तेवढ्यावर सगळे निर्धास्त होतात. भारतात विकल्या जाणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या पिकअपमध्ये तर साधी, चालकाने घालायचीच फोर-व्हील ड्राइव्ह मिळते. ती पावसाळ्यात आंबोली किंवा ताम्हिणीच्या ओल्या डांबरी घाटात घालून ठेवली म्हणजे उतारावर ब्रेक जास्त लागतील, हा समज सोडलेला बरा. गाडीत बसण्यापूर्वी खाली वाकून टायरची नक्षी बघावी. बाजूवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. चालक घाई करील. करू द्यावी.