‘उघडत नाही’ हा दोष कोणाचा?

एका संगणकावर सिद्ध केलेला मजकूर पेनड्राइव्हवर घ्यावा, दुसऱ्या संगणकापाशी जावे, आणि तेथे ‘हे उघडत नाही’ असे उत्तर मिळावे, हा अनुभव आता शाळेत, घरी, छापखान्यात, झेरॉक्सच्या दुकानात, सर्वत्र येतो. अशा वेळी दोष कोणाच्या माथी मारला जातो इकडे लक्ष द्यावे. देणारा म्हणतो, “माझ्याकडे तर उघडत होते!” म्हणजे घेणाऱ्याचाच संगणक जुना, नाही तर बिघडलेला. घेणाराही बहुधा ओशाळतो आणि ते कबूल करून टाकतो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. जी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यावयाची, ती त्याला वाचता येईल अशी करून देणे हे देणाऱ्याचे काम होय. आणि ज्या कंपन्यांनी हे संगणक घडविले त्यांचे तर ते पहिले काम होते. त्यांनी ते फार उशिरा केले.

पेनड्राइव्हवर मजकूर नुसता ओतलेला नसतो. कोणती फाइल कोठे सुरू होते, तिचे तुकडे कोठे कोठे ठेवले आहेत, रिकामी जागा किती, याची एक वही त्याच पेनड्राइव्हवर लिहिलेली असते. ही वही लिहिण्याच्या पद्धतीस फाइल सिस्टिम म्हणतात, आणि अशा पद्धती अनेक आहेत. विंडोजची एनटीएफएस १९९३ पासूनची; ॲपलच्या मॅक संगणकाची एपीएफएस २०१७ पासूनची; लिनक्सवर सामान्यतः एक्स्ट४ नावाची पद्धत चालते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पणजोबांच्या काळचे मोडी कागद असतील. भाषा मराठीच, शाई आणि कागद शाबूत, परंतु बालबोध शिकलेल्या नातवाला त्यातली एक ओळ लागत नाही. मॅकच्या पद्धतीने आखलेला पेनड्राइव्ह विंडोजपुढे ठेवला म्हणजे नेमके हेच होते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर स्वतः होऊन काही लिहू शकत नाही. लिनक्स बहुतेक सर्वांचे वाचतो. त्याचे स्वतःचे मात्र इतर दोघे सहसा वाचत नाहीत. उदार माणसाच्या वाट्याला असेच यायचे!

येथवर गैरसोय झाली एवढेच म्हणता येईल. खरा घात पुढे आहे. अनोळखी वही समोर आली की विंडोज सांगतो, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू काय? मॅक तीन पर्याय पुढे ठेवतो: इनिशियलाइझ, इग्नोर आणि इजेक्ट. ‘फॉरमॅट’ काय किंवा ‘इनिशियलाइझ’ काय, दोन्हींचा अर्थ येथे एकच, जुनी वही फाडून तिच्या जागी कोरी घालणे. ‘मला ही लिपी येत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘हा कागद कोरा करू काय?’ असे विचारणारा कारकून कोणत्याही कचेरीत एक दिवस टिकला नसता. संगणकाचा हा उद्धटपणा आपण मात्र निमूटपणे सोसतो. विद्यार्थ्याने घाईत ‘हो’ म्हटले की महिनाभराच्या श्रमांचा प्रकल्प गेला. अशा प्रसंगी नकार द्यावा, पेनड्राइव्ह काढून घ्यावा आणि तो जेथे लिहिला गेला त्या संगणकाकडे परत न्यावा. बहुधा सर्व मजकूर तेथे जसाच्या तसा सापडतो. फॉरमॅट होऊनच गेला असेल तर त्यावर नवे अक्षरही न लिहिता तो जाणकाराच्या स्वाधीन करावा. झटपट फॉरमॅटमध्ये वही जाते, पण मजकुराची पाने पुष्कळदा जागच्या जागी राहिलेली असतात.

हा दुरावा आजचा नव्हे. साडेतीन इंची फ्लॉपीचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना ठाऊक असेल की तीच कोरी फ्लॉपी आयबीएमच्या धर्तीच्या संगणकात घातली तर तिच्यावर ७२० किलोबाइट मजकूर मावे आणि मॅकमध्ये घातली तर ८००. मॅक ती चकती एकाच वेगाने फिरवीत नसे. आतल्या व बाहेरच्या वर्तुळांसाठी वेग बदले, आणि बाहेरच्या लांब वर्तुळांवर त्यामुळे अधिक मजकूर बसे. युक्ती चतुर होती यात शंका नाही. परंतु दुसऱ्या संगणकातील यंत्राला एकच वेग माहीत! वेगळी जोडणी केल्यावाचून त्याला ती चकती वाचताच येईना. ८० किलोबाइटांच्या लाभापायी शेजार तुटला. १९८८ मध्ये ॲपलने दोन्हींकडे चालणारी १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी वाचणारे यंत्र आणले, तेव्हा कोठे ही भिंत खचली. त्या काळची अडचण निदान यंत्राची होती. आज यूएसबीमुळे पेनड्राइव्ह कोणत्याही संगणकाला जोडता येतो. अडते ते केवळ वहीच्या पद्धतीपाशी.

सर्वांना वाचता येईल अशी पद्धत नव्हती असेही नाही. तिचे नाव फॅट. १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती तयार केली, पुढे ती डॉसबरोबर जगभर गेली, आणि साधी असल्यामुळे कॅमेऱ्यांपासून मोटारीतील ध्वनियंत्रांपर्यंत सर्वांनी उचलली. साधेपणाची किंमतही होती. १९९६ मध्ये आलेल्या फॅट३२ प्रकारात एकेक फाइल ४ गिगाबाइटांहून लहानच असावी लागते. म्हणूनच स्नेहसंमेलनाचे लांब चित्रीकरण रिकाम्या, प्रशस्त पेनड्राइव्हवर घेताना ‘फाइल फार मोठी आहे’ असे ऐकावे लागते आणि घरात जागा असून दारातून पाहुणा परत जातो. या उणिवेवर उपाय म्हणून २००६ मध्ये एक्सफॅट आली. २००९ मध्ये ३२ गिगाबाइटांहून मोठ्या मेमरी कार्डांसाठी तीच पद्धत ठरविण्यात आली.

परंतु ही सार्वत्रिक पद्धत होती एका कंपनीच्या मालकीची. ती वापरावयाची तर परवाना घ्यावा लागे. त्याच २००९ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला. मोटारचालकांना वाट दाखविणारी तिची यंत्रे लिनक्सवर चालत, आणि वादाच्या मुद्द्यांत फॅटमध्ये लांब नावे लिहिण्याच्या रीतीवरील पेटंटेही होती. दुसऱ्याच महिन्यात तडजोड झाली आणि पैसे टॉमटॉमने भरले. कोणी म्हणेल, ज्याने रस्ता बांधला त्याने पथकर घेतला तर बिघडले कोठे? गावाला रस्ता एकच असेल, तर बिघडले असे मी म्हणेन. पुढे दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे संपूर्ण वर्णन प्रसिद्ध केले आणि लिनक्सने तिचा स्वीकार करावा यास पाठिंबा दिला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती लिनक्सच्या गाभ्यात आली. हे घडण्यास इतका काळ का लागावा, याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही. त्यात यंत्राची अडचण तर कोठेच नव्हती.

‘आता सर्व काही मोबाइलवरून पाठविता येते, मग ही पेनड्राइव्हची चर्चा कशाला?’ असा आक्षेप येईल. ज्याने छायाचित्रे मोबाइलवरून छापखान्याकडे पाठविली आणि ती धूसर छापून आली, त्याला विचारावे. पाठविताना चित्र आकसते हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक पद्धतीत काही गुण आहेत. एनटीएफएस अचानक वीज गेली तरी वही सावरून घेते, एक्सफॅटला तेवढे साधत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच संगणकाच्या पोटातील डिस्कवर ज्याची त्याने आपली पद्धत खुशाल ठेवावी. देवघेवीचा पेनड्राइव्ह तेवढा वेगळा काढावा आणि तो एक्सफॅटवर आखावा. जुने टेलिव्हिजन संच एक्सफॅट जाणत नाहीत. त्यांच्यासाठी फॅट३२ बरी. वही सावरून घेण्याची सोय नसल्यामुळे ‘इजेक्ट’ केल्यावाचून पेनड्राइव्ह ओढून काढू नये. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखे दोन टिंब घालू नयेत, लिनक्सला ते चालते, विंडोजला नाही. लिनक्स इंग्रजी नावातील मोठी व लहान लिपी वेगवेगळी मानतो, विंडोज एकच मानतो. देवनागरीत हा भेदच नसल्याने आपण या एका कटकटीतून जन्मतःच सुटलो आहोत! आणि मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हवर टिंबाने सुरू होणाऱ्या बारीकसारीक फाइली दिसल्या, तर लगेच विषाणूचा संशय घेऊ नये. त्या मॅकने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या असतात.

एवढे करूनही मराठी माणसाचे काम पुरते होत नाही, कारण आपल्यापुढे दुसरा एक दरवाजा आहे. वही वाचली जाते, फाइल उघडते, आणि आत देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेल्या मजकुराची ही गत होते. त्या पद्धतीत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असे, केवळ त्याचे चित्र मराठी. फाँट नसलेल्या संगणकावर ते चित्र पुसले जाई. युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे स्थान आहे, आणि त्यातील अक्षरांचा क्रम इस्की या १९८८ च्या भारतीय प्रमाणावरून घेतलेला आहे. असे असता आजही एखादा लेख जुन्या फाँटात येतो, ही गोष्ट मला अक्षम्य वाटते. लिहिणाऱ्याला सवय मोडण्याचे कष्ट नकोत, म्हणून ते कष्ट तो संपादकावर, अक्षर जुळविणाऱ्यावर आणि पुढील पिढीवर लोटतो.

जुन्या वार्षिक अंकांचा पुष्कळसा मजकूर अशाच फाँटांत, सीडींवर पडून आहे. रूपांतर करून देणारी साधने मिळतात. पण जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांपाशी ती हमखास अडखळतात, म्हणून प्रत्येक पान माणसाच्या डोळ्यांखालून जावे लागते. हे काम चार विद्यार्थी, शुद्धलेखनाची नजर असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून, उन्हाळ्याच्या सुटीत करू शकतील. सीडी वाचणारा संगणक शाळेत चालू आहे तोवरच ते करावयास हवे. नव्या संगणकांना ती खाच उरलेली नाही.