इंधनाच्या काट्यालाही शिक्का हवा

भंडारा जिल्ह्यातील शेतकरी हंगाम संपताच धानाचे कट्टे घेऊन खरेदी केंद्रावर येतो, तेव्हा ज्या काट्यावर त्याच्या श्रमाचे वजन व्हायचे, त्या काट्याची वैध मापनशास्त्र विभागाकडून रीतसर पडताळणी झालेली असली पाहिजे आणि त्यावर चालू मुदतीचा शिक्का असला पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. सराफाच्या पेढीवरील तराजूला तोच दंडक, किराणा दुकानातील वजनांनाही तोच. पेट्रोल पंपावर तर ही व्यवस्था अधिकच काटेकोर आहे : यंत्राने पाच लिटर दाखवले आणि मापात पंचवीस मिलिलिटरांहून अधिक तूट आढळली, तर ते यंत्र सदोष ठरते, शंका आलेल्या कोणत्याही ग्राहकाला पंपावरचे शिक्क्याचे पाच लिटरी माप मागवून जागच्या जागी रुजुवात घेण्याचा अधिकार आहे. अशा रीतीने थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून विकत घेतलेले ते पेट्रोल नळीतून मोटारीच्या टाकीत उतरले, की त्याची पुढची सारी जबाबदारी समोरच्या तबकडीवरील एका काट्याकडे आणि त्याच्या शेजारी चमकणाऱ्या ‘उरलेले अंतर’ या आकड्याकडे जाते. आणि या दोघांवर मात्र कोणत्याही मापन निरीक्षकाचा शिक्का नाही. विक्रीच्या व्यवहारात ही मापे वापरली जात नाहीत म्हणून कायद्याने त्यांची दखल घेतली नाही, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु ज्या मापावर विसंबून माणूस रात्रीच्या वेळी कुटुंबासह जंगलातल्या रस्त्याला लागतो, ते माप दुकानातल्या तराजूपेक्षा कमी महत्त्वाचे मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

प्रथम काट्याचा विचार करू. टाकीच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो; त्याच्या दांडीचे दुसरे टोक विद्युत्‌रोधाच्या पट्टीवर सरकते, आणि रोध कमी-अधिक झाला की त्या प्रमाणात तबकडीवरील काटा चढतो वा उतरतो. रचना साधी आहे, पण ती मोजते ती पातळी. आणि पातळी म्हणजे परिमाण नव्हे. आजच्या मोटारींच्या टाक्या आसनाखालील मोकळी जागा साधून, धुराच्या नळीला आणि आसाला वळसा घालून घडवलेल्या असतात, त्यामुळे वरच्या चार बोटांत जितके इंधन मावते तितके खालच्या चार बोटांत मावेलच असे नाही, आणि अर्ध्यावर आलेला काटा टाकी खरोखर अर्धी असल्याची ग्वाही देऊ शकत नाही. त्यातच रस्त्याच्या हेलकाव्यांनी काटा सारखा नाचू नये म्हणून त्याची हालचाल मुद्दाम मंद केलेली असते. टाकी पूर्ण भरल्यावर फ्लोट वरच्या मर्यादेला टेकतो आणि पुढचे काही लिटर संपेपर्यंत तो तेथून हलतच नाही. गाडी उतारावर उभी राहिली की इंधन एका बाजूस सरकते आणि काटा तेवढ्यापुरती भलतीच साक्ष देतो. वर्षानुवर्षे त्याच पट्टीवर घासून रोधाचा पृष्ठभाग झिजला, की एखाद्या ठिकाणी काटा अडकतो किंवा एकदम पडतो, हे कोणताही जुना मिस्त्री सांगेल. तरीही या काट्याच्या पक्षी एवढे म्हटले पाहिजे की त्याचा टाकीतील इंधनाशी प्रत्यक्ष संबंध आहे.

ज्यांनी जुन्या स्कूटरी आणि मोटारसायकली चालवल्या, त्यांना याहूनही सरळ साधन आठवत असेल. त्या वाहनांपैकी कित्येकांना काटा नव्हताच. होता तो टाकीखालचा पेट्रोलचा कॉक. टाकीच्या आत एक नळी उंच उभी असे आणि दुसरे तोंड तळाशी असे. इंधनाची पातळी उंच नळीच्या खाली गेली की इंजिन आचके देऊ लागे, स्वार वाकून कॉक फिरवी, गाडी ‘रिझर्व्हला लागली’ असे म्हणे, आणि त्या क्षणापासून टाकीत नेमके किती उरले आहे हे त्याला ठाऊक असे. जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्येही १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत काट्याऐवजी अशाच राखीव इंधनाची तजवीज होती. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत तर आसन उचलून टाकीत लाकडी मोजपट्टी बुडवावी लागे. ही साधने दरिद्री होती, वापरायला गैरसोयीची होती, हे मान्य. पण ती जेवढे जाणत होती तेवढेच सांगत होती. कॉक फिरवल्यानंतर तुम्ही किती किलोमीटर जाल याविषयी त्याने कधी अवाक्षर काढले नाही, कारण ते रस्त्यावर, वाऱ्यावर आणि चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे.

आजचा ‘उरलेले अंतर’ दाखवणारा आकडा नेमके हेच सांगण्याचे धाडस करतो. आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणे मानली, आणि अनुमान ग्राह्य ठरायचे तर त्याच्या पाठीशी अव्यभिचारी व्याप्ती, म्हणजे कधीही न चुकणारा संबंध, असली पाहिजे, अशी अट घातली. गाडीतील संगणक काय करतो? टाकीत किती इंधन उरले याचा अंदाज तो फ्लोटकडून घेतो, अलीकडच्या काही अंतरात गाडीने लिटरमागे किती ॲव्हरेज दिले ते काढतो, आणि दोहोंचा गुणाकार पडद्यावर मांडतो. या अनुमानामागील व्याप्ती एवढीच, की पुढचा रस्ता मागच्या रस्त्यासारखा असेल. आमच्या जिल्ह्यात ही व्याप्ती किती टिकते ते पाहावे. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने साठेक किलोमीटर एका लयीत आलेली गाडी लिटरमागे अठरा किलोमीटर देत असेल आणि टाकीत सहा लिटर असतील, तर पडद्यावर १०८ हा आकडा येईल. तीच गाडी महामार्ग सोडून आतल्या, पावसाने उखडलेल्या रस्त्यावर वळली, समोर धानाने भरलेले ट्रॅक्टर आले, काचा बंद करून वातानुकूलन चालू ठेवावे लागले आणि ॲव्हरेज बारावर उतरले, तर त्याच सहा लिटरांत ती ७२ किलोमीटरच जाईल. छत्तीस किलोमीटर नाहीसे झाले, आणि यंत्रात कोणताही बिघाड नव्हता! वैनगंगेला पूर आला की रस्ताच बदलतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुरात जिल्ह्यातील मार्ग ज्या प्रकारे तुटले, तशा वेळी पुलावरून पाणी वाहत असल्याचे पाहून माघारी फिरणाऱ्या आणि दूरच्या वळशाने गाव गाठणाऱ्या गाडीला पडद्यावरचा तो आकडा काय कामाचा? इंधनही आता पूर्वीचे राहिलेले नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, आणि वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या घडणीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. म्हणजे मालकाच्या मनात वर्षानुवर्षे ठसलेला ‘एवढ्या टाकीत एवढे अंतर’ हा हिशेबही आता नव्याने मांडावा लागणार आहे.

ज्यांचे पोट गाडीवर आहे ती माणसे या आकड्याला कशी वागवतात, हे पाहण्यासारखे आहे. तुमसरच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एका काळीपिवळीच्या चालकाला मी काट्याविषयी विचारले, तेव्हा त्याने खिशातून तेलकट झालेली छोटी वही काढली. प्रत्येक वेळी इंधन भरताना त्याने किलोमीटरचा आकडा आणि त्यापुढे लिटर लिहून ठेवले होते. ‘काट्याचं काय पाह्यता भाऊ, किलोमीटर पाहा,’ असे म्हणून त्याने वही परत खिशात घातली. हा माणूस अडाणी नाही. तबकडीवरील यंत्राहून अधिक शास्त्रशुद्ध पद्धत त्याने स्वतःपुरती बसवली आहे, कारण तो दोन मोजलेल्या गोष्टींवर विसंबतो आणि सवारी किती, रस्ता कोणता, हे स्वतःच्या बुद्धीने त्यात मिळवतो. मात्र प्रत्येक नागरिकाने अशी वही बाळगावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे उत्पादकाची जबाबदारी ग्राहकाच्या खिशात टाकणे होय.

गुणाकारातील एक संख्या चुकली म्हणजे काय घडते, याचे सर्वांत भयानक उदाहरण आकाशात घडले. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या एका बोईंग ७६७ विमानाचे इंधनदर्शक बंद होते. टाकीतील इंधन हाताने मोजले गेले, पण लिटरांचे वजन काढताना किलोग्रॅमचा गुणक वापरण्याऐवजी पौंडाचा वापरला गेला, आणि प्रवासाच्या मध्यावर दोन्ही इंजिने थांबली. वैमानिकांच्या असामान्य कौशल्यामुळे ते विमान गिमली येथील जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरले आणि सर्वांचे प्राण वाचले. विमानांच्या बाबतीत शून्याचा अर्थ मात्र कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. अमेरिकेच्या विमानविषयक नियमांनुसार, विमान समपातळीत उडत असताना टाकीत केवळ वापरता न येणारे इंधन उरले, की इंधनदर्शकाने शून्य दाखवलेच पाहिजे. मोटारीच्या शून्याचा अर्थ काय? एका गाडीत शून्यानंतर चाळीस किलोमीटर जाता येते, दुसरीत दहासुद्धा नाही, आणि हा गुप्त साठा किती ठेवायचा ते ज्याचा तो उत्पादक ठरवतो. चालक रस्त्यात अडकू नये, या सद्‌हेतूनेच हा साठा लपवला जातो, याविषयी मला शंका नाही. परंतु त्याचा परिणाम उलटा होतो : एकदा शून्यावर घरी पोचलेला माणूस दुसऱ्यांदा शून्याला भीत नाही, आणि गाडी बदलल्यावर तीच निर्धास्ती लाखनी आणि साकोलीच्या दरम्यान मोहघाटाच्या जंगलात त्याला उभा करते. सावधगिरीने बोललेले असत्यही असत्यच असते, आणि यंत्राच्या असत्याची सवय लागलेला चालक त्याचे सत्यही मानीनासा होतो.

यावर उपाय शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही, कारण त्याच तबकडीवर शेजारी बसलेल्या वेगदर्शकाला हा न्याय केव्हाच लागू झाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांपैकी ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, आणि जास्त दाखवायचाच तर खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी चार किलोमीटर एवढ्या मर्यादेत दाखवावा. म्हणजे गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असेल, तर काटा ८० च्या खाली नको आणि ९२ च्या वरही नको. या नियमाचे मर्म त्याच्या दोन बाजूंत आहे. चूक सुरक्षिततेच्या दिशेने व्हावी हे तो सांगतोच, पण तिलाही सीमा घालतो. इंधनाच्या काट्याला असाच दुहेरी दंडक का असू नये?

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे, कारण त्यांत तरंगणारा फ्लोटही नाही. बॅटरीतील शिल्लक साठाच मुळी अनुमानाने काढायचा आणि त्यावर अंतराचे दुसरे अनुमान रचायचे. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारने टाटा नेक्सॉन ईव्हीवरील अनुदान स्थगित केले, ते एका भरणात ३१२ किलोमीटर हा प्रमाणित आकडा प्रत्यक्ष रस्त्यावर उतरत नसल्याच्या तक्रारीवरून. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे त्या आदेशाला स्थगिती दिली. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने थंडीतील घट ग्राहकांना न सांगितल्याबद्दल टेस्ला कंपनीला २८५ कोटी वॉनचा दंड केला. या वादांतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली : टाटा कंपनीने २०२४ मध्ये कर्व्ह ईव्ही बाजारात आणताना चाचणीतील ५८५ किलोमीटरच्या जोडीला प्रत्यक्ष वापरात अपेक्षित ४०० ते ४२५ किलोमीटर ही कक्षाही जाहीर केली. विक्रीच्या पत्रकात जे शक्य आहे ते गाडीच्या पडद्यावर अशक्य का असावे? ‘१०८’ असा ठाम आकडा दाखवण्याऐवजी ‘७० ते ११०’ अशी कक्षा दाखवणे संगणकाला मुळीच अवघड नाही. आकडा मोडका दिसेल, ग्राहकाला आवडणार नाही, असे विक्रेते म्हणतील. पण भंडाऱ्याच्या मे महिन्यातील उन्हात वातानुकूलन लावून निघालेल्या माणसाला खालची मर्यादा ठाऊक असणे, हेच खरे उपयोगाचे आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने शून्याची एकच व्याख्या ठरवून द्यावी; पिवळा दिवा लागतो तेव्हा टाकीत किती लिटर असतात ते, टायरमधील हवेचा दाब जसा दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो तसे, गाडीवर ठळक लिहावे; आणि तो दिवा लागल्यानंतर पडद्याने किलोमीटर सांगणे थांबवून लिटर सांगावेत. नव्या गाडीची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत होतेच. तिथे रिकाम्या टाकीत मोजून इंधन घालीत काट्याच्या प्रत्येक खुणेची रुजुवात घ्यायला फार वेळ लागणार नाही. प्रवासी आणि माल वाहणाऱ्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी मुदतीने परिवहन कार्यालयात यावेच लागते. तेथे ब्रेक, दिवे, वेगदर्शक पाहिले जातात. एम.एच. ३६ च्या पाटीची काळीपिवळी त्या तपासणीला उभी राहील, तेव्हा काटा हलतो की नाही एवढे पाहून भागू नये. पंपावरचे तेच शिक्क्याचे पाच लिटरी माप आणून टाकीत रिते करावे, काटा किती चढला ते पाहावे, आणि तो आकडा प्रमाणपत्रावर लिहून चालकाच्या हाती द्यावा.